श्रीरंगपट्टणच्या वेढ्याचे जुने छापचित्र शाळेच्या प्रदर्शनात लावावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सोलापुरातील एका शाळेत इतिहास शिकवता आणि भुईकोट किल्ल्यावर विद्यार्थ्यांचे एक छोटे प्रदर्शन भरवत आहात. आजोबांच्या संग्रहातून आपल्याला 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या हल्ल्याचे एक जुने इंग्रजी छापचित्र मिळाले आहे. त्याच्या खालची अक्षरे आपण उतरवून पाठवली आहेत. त्यात पोर्टर आणि वेंद्रामिनी ही दोन नावे वाचता येतात, मात्र पुढचा भाग चौकट करताना कापला गेला आहे. किल्ल्याला वेढा कसा पडतो हे मुलांना दाखवण्यासाठी हे चित्र लावावे असे आपल्याला वाटते. आपले सहकारी म्हणतात की हा निव्वळ इंग्रजांचा प्रचार आहे आणि त्याला शाळेच्या भिंतीवर जागा देऊ नये. दोघांपैकी बरोबर कोण, असे आपण विचारले आहे.

जुनी छापचित्रे आणि नकाशे दुरुस्त करणे, त्यांची नोंद करणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे हा वाद मी वेगवेगळ्या रूपांत सतत ऐकत आले आहे. चित्र खरे मानायचे की खोटे, अशा दोन टोकांवर दोन्ही बाजू उभ्या राहतात आणि मग कागदाकडे नीट पाहायचे राहूनच जाते. वेढ्याच्या चित्रातला काही भाग थक्क व्हावे इतका अचूक असतो आणि काही भाग सरळ रचलेला असतो. हे दोन्ही भाग एकाच हेतूने एकत्र आलेले असतात. म्हणून आपल्यापुढचा खरा प्रश्न मी असा मांडेन: या चित्रात कोणती गोष्ट अचूक ठेवली आहे, आणि त्या अचूकपणाच्या जोरावर दुसरी कोणती गोष्ट पाहणाऱ्याच्या गळी उतरवली जात आहे?

काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. आपल्याकडचा कागद त्या काळातला छाप आहे की विसाव्या शतकातली छायाप्रत, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही. प्रदर्शन कोणत्या इयत्तेसाठी आहे, चित्राजवळ समजावून सांगायला कोणी उभे राहणार आहे का, यावरही उत्तर थोडे बदलते. सातवीतल्या मुलाने एकट्याने चित्र पाहून पुढे जाणे आणि दहावीच्या वर्गाने शिक्षकांसह त्यासमोर दहा मिनिटे थांबणे, यांत फरक आहे. पण चित्र कसे वाचावे याची रीत या सगळ्यांत सारखीच राहते, म्हणून तीच सविस्तर सांगते.

मुळात राजेरजवाड्यांना वेढ्यांचीच चित्रे इतकी का हवी असत? मैदानातली लढाई काही तासांत आटोपते आणि धुरळ्यात कोण कोठे होते हे लढणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. वेढा मात्र महिनोन्महिने एका जागी बसतो. तट, बुरूज आणि खंदक जागचे हलत नाहीत, मोर्चे, म्हणजे वेढा घालणाऱ्यांचे चर आणि तोफांच्या जागा, रोज थोडेथोडे पुढे सरकतात, आणि ते मोजणारे इंजिनिअर छावणीतच असतात. त्यामुळे चित्रकाराच्या हाती मोजमापाचा नकाशा पडतो. शिवाय वेढ्याला ठरलेला शेवट असतो: एका विशिष्ट दिवशी दरवाजा उघडतो, किल्ल्या सुपूर्द होतात, आणि एक पक्ष आत जातो. अशा घटनेचे चित्र म्हणजे जवळजवळ मालकीचा कागद. आपल्याकडे किल्ला सर झाला की पोवाडा रचला जाई आणि शाहिराला बिदागी कोणी दिली हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असे. छापचित्रात बिदागी देणाऱ्याचे नाव पुष्कळदा चित्राखालीच छापलेले असते, फक्त आपण तिथपर्यंत वाचत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण माझ्या मते झाक कालो या लोरेनच्या कलाकाराचे आहे. स्पेनच्या फौजेने सेनापती स्पिनोला याच्या हाताखाली नेदरलँडमधल्या ब्रेडा शहराला ऑगस्ट 1624 मध्ये वेढा घातला आणि जून 1625 मध्ये शहर शरण आले. स्पेनच्या वतीने तो प्रदेश सांभाळणाऱ्या इसाबेला क्लारा युजेनिया हिने कालोकडून या वेढ्याचे भव्य छापचित्र करून घेतले. ते 1628 मध्ये कोरलेल्या सहा स्वतंत्र तांब्याच्या पत्र्यांवरून छापले गेले. सहा कागद जोडले की एक मोठा भित्तिपटच तयार होतो. वरच्या भागात शहर, तट, पाण्याचे प्रवाह, वेढ्याची दुहेरी तटबंदी हे सगळे नकाशासारखे मांडलेले आहे, आणि खाली येत येत तोच नकाशा माणसांनी, घोड्यांनी, गाड्यांनी भरलेले दृश्य होतो. नकाशा कोठे संपतो आणि चित्र कोठे सुरू होते हे सांगता येत नाही, आणि चित्राची सगळी ताकद याच जोडात आहे. तटबंदीची मोजमापे पारखून पाहता येतात, म्हणून पाहणारा विश्वास ठेवतो. आणि तोच विश्वास तो नकळत पुढच्या विधानाकडेही नेतो, की हा विजय सुव्यवस्थेचा आहे, न्याय्य आहे आणि कायमचा आहे.

कायमचा तो नव्हताच. डच सेनापती फ्रेडरिक हेन्री याने 1637 मध्ये ब्रेडा परत घेतले. तोवर स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझने त्याच शरणागतीचे आपले प्रसिद्ध तैलचित्र माद्रिदच्या राजवाड्यासाठी रंगवलेले होते. शहर गेले, चित्रे राहिली. इतिहास शिकवताना मी हा मुद्दा फार महत्त्वाचा मानते, कारण चित्र ज्या दिवसाचे आहे त्या दिवसाच्या आधी आणि नंतर काय झाले हे चित्र कधीच सांगत नाही, आणि प्रचाराला नेमके तेच सोयीचे असते.

कालोने पुढे फ्रान्सचा राजा तेरावा लुई याच्यासाठी ला रोशेलच्या वेढ्याचेही असेच मोठे छापचित्र केले. ते बंदर 1627-28 मध्ये समुद्राच्या बाजूने एक प्रचंड बांध घालून कोंडले गेले होते. चित्रात बांध, जहाजे आणि मोर्चे नीट दिसतात आणि पाहणारा त्या बांधकामाचे कौतुक करू लागतो. आत मात्र उपासमारीने माणसे मरत होती; वेढा सुरू होताना शहरात सुमारे 27 हजार माणसे होती आणि उठताना सुमारे 5 हजार उरली, असे इतिहासकार मानतात. भूक हेच वेढ्याचे मुख्य हत्यार असते आणि वेढ्याच्या दरबारी चित्रात ती जवळजवळ कधीच नसते. कालोबद्दल अशी एक जुनी कथा सांगतात की, लुईने 1633 मध्ये नान्सी हे कालोचे स्वतःचेच शहर घेतल्यावर त्या वेढ्याचेही चित्र करण्याची आज्ञा केली आणि कालोने ती नाकारली. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण त्याच वर्षी त्याने युद्धातील लूट, जाळपोळ आणि फाशांची छोटी छापचित्रे प्रसिद्ध केली, ही मात्र नोंदलेली गोष्ट आहे. एकाच हाताने दोन्ही प्रकारची कामे केलेली असल्यामुळे ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की दरबारी चित्रातून काय वगळले गेले होते हे डोळ्यांसमोर उभे राहते.

आता आपल्या चित्राकडे येते. ते नीट समजण्यासाठी सात वर्षे मागे जावे लागेल. फेब्रुवारी 1792 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणला वेढा घातला तेव्हा निजामाची फौज आणि हरिपंत फडके यांच्या हाताखालची मराठ्यांची फौज त्याच्या बरोबर होती. परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याआधी, 1791 मध्ये, धारवाड घेतलेले होते. टिपूने तह केला, अर्धे राज्य आणि 3 कोटी 30 लाख रुपये देण्याचे कबूल केले आणि आपले दोन लहान मुलगे ओलीस दिले. लंडनच्या बाजारात या वेढ्यातून एकच प्रसंग सर्वांत जास्त खपला, तो म्हणजे मुलांना स्वीकारणारा कॉर्नवॉलिस. रॉबर्ट होम हा चित्रकार प्रत्यक्ष फौजेबरोबर होता. मॅदर ब्राउन मात्र इंग्लंडमध्येच बसून हेच प्रसंग रंगवत होता आणि त्यांवरून छापचित्रे निघत होती. या चित्रांत कॉर्नवॉलिस वडीलधाऱ्याच्या मायेने मुलांना जवळ घेतो. याच कॉर्नवॉलिसला ऑक्टोबर 1781 मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउन येथे स्वतः वेढ्यात सापडून शरणागती पत्करावी लागली होती. हे ध्यानात घेतले की त्या मायेच्या चित्राचे राजकारण उलगडते: शरण जाणारा सेनापती आता शरण आलेल्यांचा पालक म्हणून दाखवला जात आहे. आणि मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट शोधली पाहिजे. ज्या मोहिमेत पुण्याची फौज, पुण्याची रसद आणि पुण्याचा तहातला वाटा होता, त्या मोहिमेच्या या चित्रांत सगळा प्रकाश एकट्या इंग्रज सेनापतीवर पडतो.

4 मे 1799 चा शेवटचा हल्ला याहूनही अधिक खपला. ब्रिटन तेव्हा फ्रान्सशी लढत होते, टिपूने फ्रेंचांशी संधान बांधले होते, आणि गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीला ही खर्चिक मोहीम लंडनमध्ये योग्य ठरवून दाखवायची होती. रॉबर्ट केर पोर्टर या विशीतल्या तरुण चित्रकाराने 1800 मध्ये लंडनच्या लायसियम या सभागृहात या हल्ल्याचा सुमारे 120 फूट लांबीचा अर्धवर्तुळाकार पट प्रेक्षकांसमोर उभा केला. लोक पैसे देऊन आत येत आणि आपण जणू कावेरीच्या पात्रातच उभे आहोत असे अनुभवून बाहेर पडत. पोर्टर तोवर हिंदुस्थानात आलेला नव्हता. त्या पटावरून जोव्हान्नी वेंद्रामिनी या इटालियन कारागिराने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून केलेली छापचित्रे पुढच्या काही वर्षांत बाजारात आली. आपल्याकडे त्यांतलेच एक आहे. इतका लांब पट एका कागदावर मावणे शक्य नव्हते, तेव्हा आपल्याकडचा कागद हा मोठ्या दृश्याचा एक भाग तर नाही ना, हे आधी पाहावे.

या चित्रात माणसे कशी काढली आहेत ते भिंगाखाली अवश्य पाहा, कारण सांगण्यासारखे सगळे तिथेच आहे. इंग्रज अधिकाऱ्यांचे चेहरे वेगवेगळे आहेत. नाक, गालमिशा, कपाळ यांवरून त्यांच्या नातेवाइकांनी त्यांना ओळखावे अशी योजना आहे, आणि कोण कोठे आहे हे सांगणारी माहितीही प्रेक्षकांना मिळत असे. मध्यभागी हल्ल्याचे नेतृत्व करणारा जनरल बेअर्ड आहे. तो 1780 च्या पोल्लिलूरच्या लढाईत पकडला जाऊन 1784 पर्यंत याच श्रीरंगपट्टणात कैदेत होता, त्यामुळे त्याला मध्यावर ठेवले की हल्ल्याला न्याय्य सुडाचे रूप आपोआप येते. तट लढवणारे म्हैसूरचे सैनिक मात्र एकसारखे आहेत: पागोटी, मिशा, वटारलेले डोळे. त्यांच्यातल्या कोणालाही नाव नाही. वेंद्रामिनीच्या पद्धतीत चेहऱ्याची त्वचा रेघांऐवजी बारीक ठिपक्यांनी भरत. कोणाच्या चेहऱ्यावर किती ठिपके खर्ची घातले आहेत आणि कोणाला दोन-चार फटकाऱ्यांत उरकले आहे, हे पाहिले की कारागिराला मोबदला कशाचा मिळणार होता हे कळते. विकत घेणाऱ्यांत या अधिकाऱ्यांची कुटुंबे, मित्र आणि पलटणी होत्या.

आता अचूक काय आहे ते पाहू. हल्ला भर दुपारी नदीच्या पात्रातून, तोफांनी पाडलेल्या खिंडारावर झाला, हे खरे आहे. मे महिना निवडला गेला कारण पाऊस सुरू होऊन कावेरी फुगली असती तर वेढा उठवावाच लागला असता. पात्रातले उघडे खडक आणि कमी पाणी हा म्हणून चित्रातला महत्त्वाचा पुरावा आहे. आता चित्रात काय नाही ते पाहू. हल्ल्याच्या फौजेत ईस्ट इंडिया कंपनीचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते आणि निजामाचे लोकही होते, पण चित्राचे नायक ते नाहीत. त्या रात्री शहरात जी लूट झाली ती नाही. दुसऱ्या दिवशी रिचर्डचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली याला ती थांबवण्यासाठी स्वतःच्याच सैनिकांना फाशी आणि फटक्यांच्या शिक्षा द्याव्या लागल्या होत्या. याच विजयासाठी कंपनीने जे पदक पाडले त्याच्या एका बाजूला वाघाला दाबून धरणारा सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला. पदक आणि छापचित्र एकच गोष्ट सांगतात, एक शिपायाच्या छातीवर आणि दुसरे इंग्लंडमधल्या दिवाणखान्यात.

आपल्या सहकाऱ्यांचा मुद्दा म्हणून पूर्ण बरोबर आहे की हा प्रचार आहे. माझा मतभेद त्यापुढच्या पायरीवर आहे. प्रचार आहे म्हणून चित्र दूर ठेवायचे ठरवले, तर वेढ्याचे जवळजवळ कोणतेच जुने चित्र दाखवता येणार नाही, आणि त्यात आपल्या देशातलीही आली. अकबराने 1568 मध्ये चितोड घेतला. त्यानंतर वीसेक वर्षांनी त्याच्या इतिहासग्रंथासाठी दरबारी चित्रकारांनी त्या वेढ्याची जी चित्रे केली, त्यांत तटापर्यंत नेलेले झाकलेले मार्ग, बैल, गवंडी, तोफा आणि अवेळी उडालेला सुरुंग हे सारे विलक्षण बारकाईने दाखवले आहे. त्या सुरुंगाने अकबराचीच माणसे मारली होती आणि तेही चित्रात आहे. पण गड पडल्यावर झालेली कत्तल त्या बारकाईच्या वाट्याला आलेली नाही. शाहजहानच्या दरबारी इतिहासात 1633 च्या दौलताबादच्या वेढ्याचे चित्र आहे, तेथेही देवगिरीचा काळा डोंगर ओळखू येतो आणि सरदार ठरलेल्या मानाच्या जागी उभे आहेत. टिपूनेही श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेच्या भिंतीवर पोल्लिलूरचा आपला विजय रंगवून घेतला होता, आणि गंमत नव्हे तर फार अर्थपूर्ण गोष्ट अशी की पुढे तेथे राहिलेल्या आर्थर वेलस्लीने ते चित्र दुरुस्त करवले. दरबारी पोथीतले चित्र आणि छापचित्र यांत मोठा फरक आहे तो पोहोचेचा: पोथी बादशहा आणि मोजके मानकरी पाहत, तर तांब्याच्या एका पत्र्यावरून शेकडो, कधी हजारांवर छाप निघत आणि ते ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्या घरात जात.

हरलेल्यांचीही छापचित्रे असतात, हे येथे सांगितले पाहिजे. जर्मनीतले माग्डेबुर्ग हे प्रोटेस्टंट शहर मे 1631 मध्ये कॅथलिक सम्राटाच्या फौजेने वेढा घालून घेतले आणि लुटून जाळले. सुमारे 20 हजार माणसे मेली. त्यानंतर प्रोटेस्टंट मुलखांत पत्रके आणि चित्रे यांचा पूर आला आणि पराभवच एकजुटीची हाक बनला. ज्वाळांत वेढलेले शहर हाही प्रचारच होता, पण मेलेली माणसे खरी होती. प्रचार आणि असत्य हे दोन शब्द आपण सहज एकत्र जोडतो, ते येथे वेगळे करावे लागतात.

1857 च्या चित्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो स्वतंत्र विषय आहे. तेव्हा लंडनची सचित्र साप्ताहिके लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली चित्रे आठवड्याला छापत होती आणि दिल्ली, लखनौचे वेढे त्यांतून घराघरांत पोहोचत होते. एकच उदाहरण देते. नोएल पेटन या चित्रकाराने 1858 मध्ये कानपूरच्या इंग्रज स्त्रिया आणि मुलांचे एक चित्र लंडनमध्ये प्रदर्शित केले; त्यात दारातून बंडवाले शिपाई आत घुसत होते. लोकांना ते असह्य झाले. पेटनने शिपाई खोडून त्यांच्या जागी सुटकेला धावून आलेले स्कॉटिश सैनिक रंगवले, आणि 1862 मध्ये छापचित्र निघाले ते या बदललेल्या रूपाचे. प्रत्यक्षात कानपूरच्या त्या स्त्रियांची सुटका झालीच नव्हती. ज्यांनी पुढची पन्नास वर्षे ते छापचित्र भिंतीवर पाहिले, त्यांच्या मनात मात्र ती झाली.

आपल्या हातातल्या कागदाची तपासणी आपण घरीही बरीच करू शकता. चित्राच्या चारही बाजूंना, कडेपासून थोडे आत, पत्र्याच्या दाबाने कागद किंचित खोलगट झाल्याची रेघ दिसते का ते तिरक्या उजेडात पाहा. ती असली तर छाप पत्र्यावरून घेतलेला असण्याची शक्यता चांगली आहे, मात्र कडा कापल्या गेल्या असतील तर ही खूण राहत नाही. मग साध्या भिंगातून करडा भाग पाहा. हाताने कोरलेले ठिपके लहानमोठे असतात आणि आकाराच्या वळणाने चालतात. यंत्राने केलेल्या छायाप्रतीत ठिपक्यांची जाळी सगळीकडे एका मापाची, आकाशात आणि चेहऱ्यावर सारखीच असते. खालच्या ओळीत पहिल्या नावापुढे सामान्यतः चित्र काढणाऱ्याचा, दुसऱ्यापुढे कोरणाऱ्याचा लॅटिन शब्द असतो, आणि 1735 च्या इंग्रजी कायद्यामुळे प्रकाशकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीखही छापावी लागे. आपल्या प्रतीत नेमका तोच भाग कापला गेला आहे. अर्पणपत्रिकेची ओळ असेल तर तीही तिथेच गेली असणार, आणि प्रचाराचा सर्वांत थेट पुरावा त्या ओळीतच असतो. चौकटीच्या आत कागद दुमडलेला असू शकतो, म्हणून चौकट उघडून खात्री केल्याशिवाय तो भाग गेलाच असे धरू नका.

प्रदर्शनाच्या बाबतीत माझा सल्ला असा की चित्र जरूर लावा, पण वेढा कसा असतो याचा नमुना म्हणून ते लावू नका. आपला सोलापूरचा किल्ला भुईकोट आहे, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकीच्या बाजूंना खंदक आणि दुहेरी तट. नदीच्या बेटावरचे श्रीरंगपट्टण वेगळे आणि मे 1818 मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने आधी पेठ आणि मग किल्ला घेतला ते सोलापूर वेगळे. एकाचे चित्र दुसऱ्याच्या हकिकतीला चिकटवले की मुलांच्या डोक्यात सोलापूरच्या तटावरही लालकोटी अधिकारी तलवार उपसून उभे राहतील, आणि मग पोर्टरचा प्रचार दोनशे वर्षांनंतर आपण आपल्या हाताने पुढे नेलेला असेल. त्यापेक्षा हे चित्र वेगळ्या फलकावर लावा, शेजारी श्रीरंगपट्टणचा साधा नकाशा ठेवा ज्यात नदी, बेट आणि खिंडाराची जागा दिसेल, आणि मुलांना दोन्हींत काय जुळते ते शोधायला सांगा. जे जुळणार नाही, त्यावर बोलणे आपोआप सुरू होईल. वर्गाला भुईकोट किल्ल्यात नेऊन, तटावर उभे राहिल्यावर बाहेरचा माणूस किती लहान दिसतो हेही दाखवा. छापचित्रे बहुधा वेढा घालणाऱ्याच्या बाजूने काढलेली असतात. आतून बाहेर पाहणारी फार थोडी सापडतात.

चित्राखाली काय लिहावे याचा एक मसुदा देते, त्यात आपल्या तपासणीप्रमाणे बदल करावा: "श्रीरंगपट्टणवरील हल्ला, 4 मे 1799. पोर्टर याने लंडनमध्ये केलेल्या पटावरून वेंद्रामिनी याने कोरलेले छापचित्र. चित्रकार घटनास्थळी नव्हता. हे चित्र इंग्लंडमधील ग्राहकांसाठी, इंग्रजांच्या विजयाचा गौरव म्हणून तयार झाले. नदीचे पात्र आणि हल्ल्याची जागा घटनेशी जुळते. कंपनीचे देशी शिपाई आणि निजामाची फौज हल्ल्यात असूनही चित्राचे नायक नाहीत, आणि त्यानंतरची शहराची लूट चित्रात दाखवलेली नाही. चित्रात कोणाकोणाचे चेहरे ओळखू येतात ते शोधा." एवढी सहा-सात वाक्ये मुले वाचतील. याहून लांब फलक उभ्याउभ्या वाचला जात नाही, हा माझा अनुभव आहे.

मूळ कागद मात्र भिंतीवर लावू नका. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जुना कागद आधीच ठिसूळ झालेला असतो आणि शाळेच्या खिडकीतून येणारे ऊन त्याला काही आठवड्यांत पिवळे करते. चौकटीच्या मागे लाकडी फळी असेल तर तिचे तपकिरी डाग कागदात उतरू लागलेले असतील. ती फळी काढणे जाणकाराकडूनच करून घ्या, कारण कागद तिला चिकटलेला असू शकतो. चांगल्या छायाचित्रकाराकडून मूळ आकाराची प्रत करून घेऊन ती प्रदर्शनात लावा, आणि मूळ चित्र आम्लरहित कागदाच्या घडीत सपाट ठेवून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवा. चौकट उघडल्यावर खालच्या समासाचा आणि कागदाच्या मागच्या बाजूचा फोटो काढायला विसरू नका. त्या दोन फोटोंवरून तारीख आणि प्रकाशक यांबद्दल मला आणखी नेमके काही सांगता येईल.